तळघरातल्या रेल्वेची वाटणी

मी, बर्नडीन हव्रिला, वय वर्षे बावन्न, धंदा मृत्युलेख लिहिणे, राहणार ऑल्टूना, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तसा प्रयत्न माझ्या पूर्वीच्या नवऱ्याने सात वर्षे करून पाहिला व तो थकला. येत्या मंगळवारी पिट्सबर्गला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. गावच्या वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिताना हेच वाक्य मी इतक्या विधवांच्या तोंडून ऐकले आहे, की घरी परतल्या परतल्या वकिलाला फोन केला.

कलम १. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही ग्लेनला, म्हणजे वर उल्लेखिलेल्या नवऱ्याला, दिले होते. ते केले तेव्हा बुद्धी शाबूत होती का, हे आता तपासता येणार नाही.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे वकील डेलमार इकीज यांनी करावी. हे गृहस्थ मजकुरातली विशेषणे खोडतात. हे कागद टाइप करतानाही त्यांनी पुष्कळ खोडली. जी उरली आहेत ती मी भांडून ठेवलेली आहेत.

कलम ३. घर व बँकेत जे काही असेल ते माझी भाची कॉलीन हिला द्यावे. ती परिचारिका आहे, पायांत दम आहे, आणि माझ्या तोंडावर बोलणारी घराण्यातली ती शेवटची व्यक्ती. एकच अट. तळघरात टीव्हीची खोली, व्यायामशाळा किंवा दारूचा गुत्ता करू नये. तळघरात काय आहे ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ४. माझा मृत्युलेख मी लिहून ठेवला आहे, त्यात कोणी भर घालू नये. विशेषतः "प्रेमळ" हा शब्द. पंचवीस वर्षांत या गावातल्या झाडून सगळ्या मेलेल्यांना मी प्रेमळ केले. त्यांतले दोन-तीन होतेही. चर्चच्या हॉलमधल्या जेवणात कोबी-नूडल्स असाव्यात, त्या माझी शेजारीण वँडा शॉफ हिने कराव्यात, आणि मिठाचा डबा तिच्यापासून लांब ठेवावा. "हॉटेल पिझ्झा" नको. पिझ्झ्यावर पिवळ्या चीजची चौकोनी चकती ठेवणाऱ्या गावात मी जन्मले, वाढले, त्याबद्दल मला लाज नाही; पण निरोप घेताना तरी ती चकती समोर नको.

कलम ५. तळघरातल्या स्टेशनच्या फलाटावर नखाएवढी रंगवलेली माणसे उभी आहेत. त्यांतला टोपीवाला, बॅग घेतलेला, मुतारीशेजारचा माणूस म्हणजे ग्लेन. त्या फलाटावर एकही गाडी थांबत नाही, तशी मी व्यवस्था केली आहे. त्याला तिथून हलवू नये.

कलम ६. आमच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या क्लबचे जुने अध्यक्ष क्लेटस बर्खाइमर यांना माझे सोल्डरिंगचे, म्हणजे तारा डाखायचे, सामान, आणि आम्ही डिजिटल होण्याआधी वापरत होतो तो जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर द्यावा. जुन्या पद्धतीत मूठ फिरवली की रुळांत वीज वाढायची, आणि त्या रुळांवर जी जी इंजिने असतील ती सगळी पळत सुटायची. शिट्टी फुंकली की वर्गातली सगळी पोरे उठतात तशी. डिजिटल पद्धतीत रुळांतून विजेबरोबर हुकूमही जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, ती आपला नंबर पुकारला तरच हलते. क्लेटस यांना हे पटत नाही. "इंजिनाला डोकं दिलं की ते युनियन काढणार," असे ते गेली वीस वर्षे म्हणत आहेत. त्यांचा ट्रान्सफॉर्मर त्यांच्याजवळ असावा.

कलम ७. आता रेल्वे.

इकीज यांनी येथे "छंदाचे साहित्य, एक नग" असे लिहिले होते. ते मी खोडले. आमचे वडील अँड्र्यू हव्रिला, ज्यांना आम्ही आणि अर्धे गाव पॅप म्हणत असू, रेल्वेच्या कारखान्यात इंजिने दुरुस्त करत. दिवसभर खरी इंजिने, आणि घरी आल्यावर तळघरात छोटी. डोंगर चढून जाणारी सगळी रेल्वे त्यांनी तळघराच्या चारी भिंतींना लावून उभी केली. पश्चिमेच्या भिंतीला कोळशाची खाण, पूर्वेच्या भिंतीला यार्ड, आणि बरोबर मधे, घर तापवणाऱ्या बॉयलरसमोर, आइस्क्रीमच्या काड्यांचा उंच पूल. काड्या आम्ही भावंडांनी चाटून पुरवल्या. माझा थोरला भाऊ रीजिस म्हणतो, जास्त त्याने चाटल्या. त्याचे पोट पाहता मी वाद घालत नाही.

पॅप थकले तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले की त्यांना डिजिटल करून द्यायचे. त्यांची एकच इच्छा होती: खाणीतून निघालेली गाडी न थांबता पूल ओलांडून यार्डात गेलेली खुर्चीत बसून पाहायची. जुन्या वायरिंगमध्ये ती दर दोन हातांवर आचके देई.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलाखाली दोन जाड तारा भिंतभर पळतात, एक लाल, एक काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून एक-एक बारीक तार खाली उतरते आणि या जाड तारांना मिळते. माणूस पाठीवर झोपतो, तोंडावर दिवा घेतो, आणि सोल्डरचे थेंब कुठे पडतील ते देवावर सोडतो. मी पश्चिमेकडून सुरुवात केली, रीजिसने पूर्वेकडून. प्रत्येकाच्या भागाला स्वतंत्र वीजपेटी, आणि भेटायचे पुलाच्या पूर्व टोकाला. खऱ्या रेल्वेवाल्यांनीही देश असाच दोन टोकांकडून जोडला, असे रीजिस म्हणाला. रंगाचा नियम एकच ठरला: पुढे तोंड करून उभे राहायचे, आणि लाल तार उजव्या रुळाला.

दोन हिवाळे काम चालले. दर हातभर अंतरावर आम्ही नाण्याची चाचणी घेत होतो. तिचा उल्लेख पुढे येईल. दोघांचेही भाग नाण्याला उतरले, एकही तार ढिली नाही. मग मे अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत क्लबला बोलावले. पॅपना कारखान्यातली टोपी घालून खुर्चीत बसवले. वँडाने गॉब आणले, म्हणजे दोन काळ्या केकांमध्ये पांढरे क्रीम, जे खाल्ल्यावर माणसाचे दातही शोकात असल्यासारखे दिसतात. रीजिसने शेवटचा वीतभर रूळ बसवला. मी गाडी सोडली.

गाडी खाणीतून निघाली, चढ चढली, पुलावर आली. काड्यांवरून जाताना आवाज पोकळ होतो, तो झाला. इंजिनाचे पुढचे चाक रीजिसच्या रुळाला लागले, आणि दोन्ही पेट्यांनी एकदम टिक् करून वीज तोडली. खाणीतले दिवे गेले, यार्डातले गेले. परत चालू केले, परत टिक्.

कारण कळायला रीजिसला पाच मिनिटे लागली, मला सहा. मी पूर्वेकडे तोंड करून लाल तार उजवीकडे लावत आले होते, आणि तो पश्चिमेकडे तोंड करून. समोरासमोरून चालत येणाऱ्या माणसांची उजवी बाजू एक नसते. सांध्यावर माझे लाल त्याच्या काळ्याला भिडत होते. हे दोन पदवीधरांना दोन हिवाळ्यांत सुचले नाही. पॅप मात्र खुर्चीतून म्हणाले, "तुम्ही दोघंही बरोबर आहात. म्हणूनच बंद पडलंय." आणि त्यांनी गॉब मागितला.

उपाय दोन स्क्रूंचा होता. कोणाही एकाच्या पेटीवर लाल आणि काळी तार उलटसुलट करायची. प्रश्न एवढाच, कोणाच्या पेटीवर. रीजिस म्हणाला, त्याचा भाग आधी पुरा झाला, तेव्हा नियम त्याचा. मी म्हणाले, गाडी पश्चिमेहून निघते, तेव्हा उजवे म्हणजे गाडीचे उजवे. तो म्हणाला, "परतताना गाडी काय रिकाम्या डोक्याने येते का?" मी काय म्हणाले ते इकीज यांनी खोडले आहे. क्लेटस मधे पडले, जुन्या पद्धतीत असे झाले नसते म्हणाले, जे खोटे आहे. शेवटी रीजिसने आपला वीतभर रूळ उचकटला, शर्टाच्या खिशात घातला आणि घरी गेला.

उद्या-परवा करू, असे दोघांनाही वाटत होते. पॅप त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेले.

चर्चच्या हॉलमध्ये, वँडाच्या खारट नूडल्स समोर असताना, रीजिस मला म्हणाला, "तुझं डावं-उजवं नीट असतं तर पॅपने गाडी पाहिली असती."

"तुझं असतं तर," मी म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. मी माझा भाग चालवते. गाडी खाणीतून निघते, पुलापर्यंत येते, आणि मागे फिरते. रीजिसच्या भागावरची धूळ मी रंगाच्या मऊ ब्रशने झाडते. हे त्याला सांगू नये असे मी कॉलीनला बजावले होते, म्हणजे त्याला ते कळले असणार.

तर, सदर रेल्वेची, खाण, यार्ड, पूल व झाडांसह, व्यवस्था येणेप्रमाणे: माझा पश्चिमेचा अर्धा भाग रीजिसला द्यावा. त्याचा पूर्वेचा त्याचाच आहे, तो देण्याचा मला अधिकार नाही, आणि तो माझ्या घरात पडून आहे म्हणून माझा होत नाही. यापुढे सगळी रेल्वे त्याची. कॉलीनने त्याला तळघराची किल्ली द्यावी आणि वर जेवायला बोलवावे, चिडला तरी.

कलम ८. वरील बक्षीस एका अटीवर आहे. ना त्याच्या तारा उलट्या करायच्या, ना माझ्या. मी मेले म्हणून माझ्या बाजूने माघार झाली असे कोणी समजू नये, आणि मी मेले म्हणून त्याने दिलदारी दाखवून मला वरतून लाज आणू नये.

बॉयलरवरच्या फळीवर एक डबी ठेवली आहे, काड्यापेटीच्या दुप्पट आकाराची, अजून पाकिटात. ती पुलाखाली बसवावी. पुलावरचा रूळ दोन्ही टोकांना कापून वेगळा करावा आणि त्याची वीज या डबीतून द्यावी. गाडी पश्चिमेहून पुलावर चढली की डबी पश्चिमेची होते; इंजिन पूर्वेच्या रुळाला टेकले की क्षणात लाल-काळे उलटे करून पूर्वेची होते. इंजिनाला कळतही नाही. सासर-माहेर दोन्हीकडे मान डोलावणारी सून असते तशी ही वस्तू आहे, फक्त हिला आतून जळत बसावे लागत नाही. ती मधे असली की दोघांची उजवी बाजू उजवी राहते. माघार कोणीच घ्यायची नाही. ती डबी घेते, तिला मान वगैरे काही नसतो.

मात्र एक अडचण आहे, आणि ती मी मुद्दाम लिहून ठेवते. गाडी पुलापेक्षा आखूड हवी. तिची पुढची चाके पूर्वेला आणि शेवटची अजून पश्चिमेला अशी एकाच वेळी टेकली, तर डबीलाही दोघांची मर्जी राखता येत नाही. इंजिन आणि आठ वाघिणी, म्हणजे मालडबे, यापेक्षा जास्त नाही. रीजिसला चाळीस वाघिणींची कोळशाची गाडी ओढायला आवडते. त्याचे लग्नही तसेच झाले, वरातीत चर्चपासून दारूच्या दुकानापर्यंत मोटारी. त्याने गाडी आखूड करावी, एवढीच माझी इस्टेटीवरची खरी अट आहे. माझीही मी आखूड केली असती.

कलम ९. नाण्याची चाचणी. डबी बसवल्यावर आणि त्यानंतर दर वर्षी, रुळांच्या प्रत्येक तुकड्यावर पाव डॉलरचे नाणे आडवे ठेवून पाहावे. पेटीने लगेच टिक् करून वीज तोडली तर वायरिंग उत्तम. नाणे ठेवूनही सगळे शांत, दिवे लागलेले, कोणी काही बोलत नाही असे दिसले, तर हात लावू नये: तिथे तार बारीक आहे, आणि ती आतल्या आत तापते आहे. लोक उलटे समजतात. टिक् झाले की घाबरतात आणि शांत राहिले की पाहुण्यांना गॉब वाढतात.

येथे टाइप केलेला मजकूर संपतो. पुढचे कलम मी आज, सह्यांच्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर हाताने लिहीत आहे. इकीज यांनी हरकत घेतली. हरकत नोंदवली आहे.

कलम १०. परवा फोन वाजला. मी उचलला.

"मंगळवारी पिट्सबर्गला तुला नेणार कोण?" नऊ वर्षांत रीजिसचे हे पहिले वाक्य; बातमी कॉलीनने दिली असणार. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"बस जाते," मी म्हणाले.

"बसने जातात का झडप बदलायला. शनिवारी येतो, तुझ्या त्या दाराचा जिना बघायला हवा, परत आल्यावर तुला चढता येईल का." आणि ठेवला.

म्हणून आज सह्यांना तो घरात होता. येऊन त्याने दाराच्या तीन पायऱ्या तपासल्या, दोन शिव्या घातल्या आणि गुडघा धरून बसला. साक्षीदार वँडा आणि क्लेटस समोर. इकीज यांनी कागद सरळ केले आणि म्हणाले की ज्याला बक्षीस मिळणार आहे त्याने सहीच्या वेळी खोलीत असू नये, उद्या कोणी दडपणाचा आरोप केला तर काय.

"हिच्यावर दडपण?" रीजिस म्हणाला. "प्रयत्न करून बघा तुम्ही." पण तो उठला. उठताना त्याने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढले आणि मुठीत धरून तळघराच्या जिन्याकडे गेला. वीतभर होते ते. मी पाहिले. वँडानेही पाहिले, आणि आणलेल्या गॉबचे ताट पुढे सरकवले.

मी पेन उचलले. आमच्या घरात तळघरातली गरम हवा वर येण्यासाठी जमिनीत जाळी आहे, तिच्यातून तळघरातला शब्द न् शब्द वर येतो. स्क्रू-ड्रायव्हर खाली पडल्याचा आवाज आला. मग रूळ दाबून बसवल्याचा. मग माझ्या इंजिनाची शिट्टी.

इकीज म्हणाले, "बर्नडीन, इथे सही." मी हात वर केला. गाडी चढावर होती. मग आवाज पोकळ झाला, म्हणजे पूल लागला. क्लेटस यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आवाज पोकळच राहिला, पुढे, पुढे.

टिक्.

 जाळीतून रीजिसचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "बर्नी, तू इकडे कशाला हात लावला होतास?"

"सकाळी," मी जाळीपाशी वाकून म्हणाले. "माझ्या पेटीवरच्या दोन तारा उलट्या केल्या."

"का?"

"जिना बघायला येणार होतास म्हणून."

तो म्हणाला, "मी माझ्या आत्ता केल्या."

क्लेटस जुन्या पद्धतीबद्दल तोंड उघडणार होते. वँडाने त्यात गॉब घातला. खालून एक आवाज येऊ लागला, तो मी आधी खोकला समजले. नंतर आठवले, रीजिस हसतो असाच, वाफेचे इंजिन थंडीत सुरू झाल्यासारखा, आधी फुसफुस आणि मग सगळेच. मला हसायची डॉक्टरांनी बंदी केलेली नाही. केली असती तरी आज मोडली असती.

"पॅप म्हणालेच होते," तो खालून म्हणाला.

"म्हणालेच होते," मी म्हणाले. "फळीवर डबी आहे, पाकिटात."

पाकीट फाडल्याचा आवाज. "ही डबी? हिच्यावर गाडी किती मोठी चालते?"

"आठ वाघिणी."

"आठ म्हणजे गाडी आहे की दुधवाला. बारा."

"आठ."

"दहा."

"पूल तुझ्या काड्यांचा आहे, ताणून बघ लांबतो का."

 मग वाघिणी सुट्या करून फळीवर ठेवल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक, सावकाश.

यास्तव कलम ८ मधली तारांबाबतची बंदी दोन्ही पक्षांनी मोडलेली असली, तरी तिचा हेतू साध्य झाल्याने बक्षीस कायम राहील. आज ज्या तारा जशा आहेत तशाच ठेवाव्यात. पुन्हा कोणी चांगुलपणा करू नये.

या मृत्युपत्रावर सही व्हायला दोन तास उशीर झाला, त्याचे कारण इकीज यांच्या आग्रहावरून नोंदवते: मृत्युपत्र करणारी स्त्री सदर वेळात तळघरात पुलाखाली पाठीवर झोपलेली होती, आणि तिचा भाऊ वरून करवतीने रूळ कापत होता व दिवा नीट धरता येत नाही म्हणून तिला बोलत होता. पाठीवर झोपण्यास डॉक्टरांची हरकत नाही. गाडी पूल ओलांडून यार्डात गेल्यावर, न थांबता, दोन्ही साक्षीदार वर आले. पॅपची खुर्ची बॉयलरजवळ होती तिथेच आहे. गाडी जाताना तिच्यात कोणी बसले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, खोडाखोड इकीज यांची आहे.

सही: बर्नडीन हव्रिला

आम्ही खाली सह्या करणारे सांगतो की वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही तिच्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या, आणि ती शुद्धीवर होती. बुद्धी शाबूत असल्याबद्दल क्लेटस यांनी विचार करायला एक दिवस मागितला. तो मिळाला नाही.

साक्षीदार: वँडा शॉफ
साक्षीदार: क्लेटस बर्खाइमर

रीजिस हव्रिला यांना कायद्याने सही करता येत नाही. सह्या चालू असताना ते नियमाप्रमाणे खोलीबाहेर, तळघरात, होते. मंगळवारी पहाटे गाडी घेऊन येतील.

ठिकाण: ऑल्टूना
दिनांक: १८ ऑक्टोबर २०१४, शनिवार